बंपरखालच्या पट्ट्याने बाराचे पंधरा होत नाहीत

सावदा-रावेरपासून नवापूरपर्यंत केळी वाहणाऱ्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. पुढच्या बंपरखाली रबरी पट्टा, म्हणजे एअर डॅम, बसवला की हवा गाडीखाली शिरत नाही आणि लिटरमागे १२ किलोमीटर चालणारी गाडी १५ किलोमीटर चालते, असे त्याचे मुख्य म्हणणे आहे. पट्टा जितका खाली तितका फायदा मोठा, कंपन्याही आपल्या गाड्यांना तो देतात, आणि धुळ्याहून सुरतेला जाताना पट्ट्याविना व येताना पट्ट्यासह गाडी चालवून हे सिद्ध झाले आहे, असेही त्यात म्हटले आहे. फेरीमागे हातात काय उरते हे ज्यांच्या बाबतीत डिझेलवरच ठरते, अशा माणसांना हा संदेश खर्चात पाडतो आहे, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

मूळ कल्पना खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पिकअपचे पोट सपाट नसते. एक्सल, कमान-पाटे, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर आणि स्टेपनी यांच्यावर हवा आदळते, घोटाळते आणि गाडीला मागे ओढते. पुढचा पट्टा यातली काही हवा बाजूला वळवतो, त्यामुळे हवेचा एकूण विरोध थोडा घटू शकतो. प्रश्न ‘थोडा’ म्हणजे किती, एवढाच आहे.

तो ढोबळ हिशेबाने काढता येतो. भरलेल्या गाडीचे वजन २,८०० किलो, समोरचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.५ आणि चाकांच्या घर्षणाचा ०.०१२ धरला, तर सपाट रस्त्यावर चाकांचा विरोध सुमारे ३३० न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक) येतो आणि तो वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ताशी ४० किलोमीटरला तो सुमारे १०६ न्यूटन असतो, तर ८० ला ४२६. पट्ट्याने हवेचा विरोध ५ टक्क्यांनी घटला, असे उदारपणे धरले तरी ८० च्या वेगाला एकूण विरोध तीन टक्क्यांहूनही कमी घटतो, म्हणजे १२ किलोमीटरचे फार तर सव्वाबारा-साडेबारा होतात. आणि गावातून, शेतरस्त्याने, बाजार समितीच्या रांगेतून चालताना हा फायदा जवळपास उरतच नाही. बाराचे पंधरा होण्यासाठी डिझेल २० टक्क्यांनी कमी लागले पाहिजे, आणि त्यासाठी ८० च्या वेगाला हवेचा विरोध एक-तृतीयांशाहून अधिक घटला पाहिजे. हौद्यात केबिनच्याही वर रचलेली कॅरेट आणि फडफडणारी ताडपत्री जशीच्या तशी ठेवून बंपरखालचा एक पट्टा हे करू शकत नाही.

याच हिशेबात वेग ८० वरून ६५ वर आणला, तर एकूण विरोध सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. संदेशात पट्ट्याच्या नावावर मांडलेली बचत जवळपास एवढीच आहे. ६० किलोमीटरच्या अंतराला त्यामुळे दहा मिनिटे जास्त लागतात.

आता त्या चाचणीबद्दल. धुळे-सुरत रस्ता पूर्व-पश्चिम जातो, आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेकडून किती जोरात वाहतो हे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांकडे पाहूनही कळते. ताशी १५ किलोमीटरचा वारा असताना ६० च्या वेगाने सुरतेकडे जाणाऱ्या गाडीला हवा ७५ ची लागते, परतताना ४५ ची. म्हणजे पट्टा असो वा नसो, जाताना हवेचा विरोध परतीच्या पावणेतीन पट असतो. त्यात कोंडाईबारीचा घाट दोन्ही बाजूंनी सारखा नाही, आणि जाताना माल भरलेला व येताना हौदा रिकामा असेल, तर ही तुलनाच होत नाही. शिवाय टाकी नोझल सुटेपर्यंत भरून मोजण्यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. ३० लिटरच्या भरण्यात तो तीन टक्क्यांहून अधिक होतो, म्हणजे पट्ट्याच्या खऱ्या फायद्याहून मोठा.

‘जितका खाली तितका फायदा’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. पट्टा पोटातल्या अडथळ्यांना आडोसा देण्यापुरता उतरला की त्याचे काम झाले. त्याहून खाली गेला की तोच हवेला अडवू लागतो आणि गाडीचे समोरचे क्षेत्रफळ वाढवतो. भुसावळच्या एका गॅरेजात मी असा एक पट्टा पाहिला. जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा, चार नटबोल्टांनी आवळलेला, जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर. गतिरोधकावर घासून त्याची डावी कड फाटली होती आणि बोल्टने बंपरचा पत्रा ओढून वाकवला होता. वरच्या बाजूने त्याने खालची जाळीही झाकली होती, म्हणजे ४४-४५ अंशांच्या उन्हात रेडिएटरला मिळणारी हवाच कमी केली होती.

कंपन्या पट्टा देतात, हे खरे आहे. पण त्या तो पवनबोगद्यात, म्हणजे गाडीवर जोराची हवा सोडून विरोध मोजतात त्या बंदिस्त जागेत, तपासून, त्या त्या गाडीच्या पोटाप्रमाणे ठरवतात. २०१९ च्या रॅम १५०० या अमेरिकी पिकअपचा पट्टा ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेग झाल्यावर अडीच इंच खाली उतरतो. कमी वेगाला तो खाली राहण्यात लाभ नाही आणि घासण्याचा धोका आहे, हे त्या रचनेतूनच दिसते.

मात्र या प्रतिवादाचा उलटा अर्थ काढून कंपनीने दिलेला पट्टा कोणी कापून टाकू नये. पुष्कळ गाड्यांत तो रेडिएटरमधून हवा खेचली जाण्यासही मदत करतो, आणि तो काढल्यावर भरल्या गाडीचा तापमानाचा काटा चढू लागतो. घासून तुटला असेल, तर त्याच उंचीचा दुसरा बसवावा.