‘दीडशेच्या पंख्याला साडेचौदाशे’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. तक्रारी अशा: कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरच्या, ऑनलाइन दीडशेला मिळणाऱ्या छोट्या पंख्याचे १,४५० रुपये घेतले, मशीन चार दिवस अडकवून ठेवलं, कंपनीचा सोडून दुसराच पंखा बसवला, आणि एवढं करूनही सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग शून्यच दिसतो. वर ‘तेलाचा एक थेंब सोडला असता तरी भागलं असतं’ हेही आहे. शून्याचं आधी घेतो, कारण बाकी गोष्टी पैशाच्या आणि वेळेच्या आहेत, ही मशीनच्या तब्येतीची आहे.

तुमचा मदरबोर्ड एक्स५७० चिपसेटचा आहे (चिपसेट म्हणजे ड्राइव्ह, यूएसबी वगैरेंना प्रोसेसरशी जोडणारी बोर्डावरची चिप). हा चिपसेट २०१९ साली आला. घरगुती वापराच्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसची (ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह यांना जोडणाऱ्या वेगवान मार्गाची) चौथी पिढी त्याच्याबरोबरच आली आणि त्या वेगापायी चिपसेट सुमारे ११ वॅट उष्णता टाकायला लागला. म्हणून तेव्हाच्या बहुतेक एक्स५७० बोर्डांवर हा छोटा पंखा दिसतो. (२०२१ मध्ये एक्स५७०एस या नावाने बिनपंख्याचे बोर्ड आले, यावरून काय ते समजा.) पण तो चोवीस तास फिरायलाच हवा असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, त्याच्या वेगाचे प्रोफाइल असतात. तुमच्याकडे ‘सायलेंट’ लावलेलं होतं. तुम्ही आवाजाचीच तक्रार घेऊन आला होता, त्यामुळे आम्ही ते तसंच ठेवलं. या प्रोफाइलमध्ये चिपसेट ठरावीक तापमानाच्या वर जाईपर्यंत पंखा थांबूनच राहतो आणि तोपर्यंत आकडा शून्य दिसतो.

खात्री घरच्या घरी करता येते. मशीन चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर चिपसेट फॅन शोधा आणि प्रोफाइल ‘फुल स्पीड’ करा. थोड्याच वेळात आकडा हजारांत दिसायला हवा. बसवलेला पंखा पूर्ण वेगात साडेचार हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरतो. बघून झालं की परत ‘सायलेंट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ करा, नाहीतर त्या आवाजाने दुसऱ्या दिवशी तुम्हीच वैतागाल. विंडोजमध्ये बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एका एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ड्राइव्हवरून दुसऱ्यावर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि ग्राफिक्स कार्डालाही काम द्या. चिपसेट ६० ते ७० अंशांत असणं या बोर्डांना नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. तापमान ८५ च्या पुढे चढतंय आणि पंखा तरीही शून्यावरच आहे, असं दिसलं तर मशीन बंद करून सरळ दुकानात आणा. ते काम पैसे न घेता होईल.

आता दीडशेचा पंखा. तुम्ही रिव्ह्यूत ज्याचा फोटो टाकलाय तो ४० मिलिमीटरचा, चौकोनी चौकटीचा, दोन वायरींचा पंखा आहे. तो फिरेल, हवाही देईल. पण त्याला वेग कळवणारी तिसरी वायरच नाही. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके त्या वायरीवर पाठवतो आणि ते मोजून बोर्ड आरपीएम काढतो. ती वायर नसली की बोर्डाच्या मते पंखा बंदच. मग तुमच्यासारख्या बोर्डावर दर वेळी चालू करताना ‘फॅन एरर’ येतो आणि एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. शिवाय त्या पंख्याची भोकं एकमेकांपासून ३२ मिलिमीटरवर आहेत. तुमच्या हीटसिंकवर (चिपसेटची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) चौकटीचा पंखाच नव्हता. तिथे तीन पायांचा, बिनचौकटीचा पंखा झाकणाच्या आत बसतो.

म्हणूनच चार दिवस लागले. जो पंखा निघाला तो तसाच्या तसा सुटा मिळत नाही, आणि बोर्डाची वॉरंटी संपलेली असल्यामुळे तो रस्ताही बंद होता. त्यामुळे ग्राफिक्स कार्डांसाठी सुटे मिळणारे पंखे असतात, त्यातून जुळवावा लागला. जुळवायचं म्हणजे पात्यांचा व्यास, तिन्ही पायांमधलं अंतर, जाडी, व्होल्टेज, वायरींची संख्या आणि कनेक्टर. यात जाडीला सगळ्यात कमी लेखलं जातं. चिपसेटच्या अगदी वर ग्राफिक्स कार्ड येतं, दोन-चार मिलिमीटर जास्तीचा पंखा घातला की कार्ड त्याच्यावर टेकतं किंवा हवेला वाटच उरत नाही. व्होल्टेजचं तसंच: असे छोटे पंखे ५ व्होल्टचेही येतात आणि १२ चेही, दिसायला सारखे. ५ चा पंखा १२ वर लावला तर काही दिवस फार जोरात फिरतो आणि मग कायमचा थांबतो. इथे कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीत चौकशी करून हे सगळं जमणारा मिळाला नाही, तेव्हा मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवला. मशीन तोपर्यंत घरी नेता आलं असतं, पण पंखा काढलेल्या अवस्थेत ते चालवू नका असंच आम्ही सांगितलं असतं.

कनेक्टर बदलावा लागला तो मुद्दाही स्पष्ट करतो, कारण ‘वायर जोडलेली दिसते’ असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. नेहमीच्या पंख्याच्या कनेक्टरमध्ये पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, तुमच्या बोर्डावर त्याहून बारीक पिनांचा कनेक्टर आहे. म्हणून जुन्या पंख्याचं टोक कापून नव्याच्या वायरींना सोल्डर केलं आणि प्रत्येक जोडावर वेगळी हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवली. वायरींच्या रंगावर विसंबून हे करू नये. कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून ग्राउंडची वायर कुठली आणि १२ व्होल्टची कुठली हे मल्टिमीटरने बघूनच जोडलं आहे. टेप गुंडाळलेला नाही. गरम जागेत टेपचा गोंद सुटतो.

पैशाचा हिशेब बिलावर आहे, तरी इथे देतो: पंखा ५२० (मागवण्याचा खर्च धरून), थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी मऊ चकती) १८०, मजुरी ७५०. मजुरी कशाची, तर तुमच्या बोर्डात हीटसिंकचे स्क्रू मागच्या बाजूने आहेत. म्हणजे आधी ग्राफिक्स कार्ड काढायचं (स्लॉटचा खटका दाबायला विसरलं की खटका मोडतो), मग एम.२ ड्राइव्हवरचं (बोर्डावरच बसणाऱ्या एसएसडीवरचं) झाकण, मग २४ पिनांची आणि प्रोसेसरची केबल, पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी, नऊ स्क्रू, आणि मग अख्खा बोर्ड बाहेर. हीटसिंक निघाला की खालचं पॅड फाटतंच, ते परत वापरत नाहीत. जुनं पॅड एक मिलिमीटरचं होतं, नवंही तेवढंच घातलं आहे. अर्ध्या मिलिमीटरचं घातलं असतं तर चिप आणि हीटसिंक एकमेकांना टेकलेच नसते. दीड मिलिमीटरचं घालून स्क्रू आवळले तर चिपवर आणि बोर्डावर नको तेवढा ताण येतो. पॅडच्या जागी पेस्ट फासून देणारेही असतात; पेस्ट एवढी फट भरून काढत नाही, आणि मग पंखा नवा असूनही चिपसेट गरमच राहतो.

तेलाबद्दल. स्टिकर उचलून बुशात (पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला की घरघर थांबते हे खरं आहे, आणि साध्या बुशाच्या पंख्याला त्याने थोडे दिवस मिळतात. बॉल बेअरिंगला त्याचा उपयोग नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर कधीच मारू नका, उरलंसुरलं ग्रीसही तो धुऊन नेतो. पण तुमच्या पंख्यात तेल संपणं हा एकटा आजार नव्हता. मशीन उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात असतं, हे तुम्हीच लिहिलंय. लेथ आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ साध्या धुळीसारखी उडून जात नाही. पंख्याच्या फिरत्या भागात लोहचुंबकाचं कडं असतं, ती त्याला जाऊन चिकटते. फट भरत जाते, पातं एका बाजूला घासायला लागतं, बुश अंडाकृती होतो. पावसाळ्यात कोल्हापूरची दमट हवा त्यात भर घालते. अशा बुशात तेल सोडलं तर धूळ आणि तेल मिळून पॉलिशची पेस्टच तयार होते. जुना पंखा दुकानात ठेवलेला आहे. चुंबकावरचा काळा थर बघायचा असेल तर या, हवा असेल तर घेऊनही जा.

याच धुळीमुळे पुढे बोर्डही जाऊ शकतो, कारण लोखंडाचा कीस वीज वाहून नेतो. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, पुढच्या जाळीला धुण्याजोगा फिल्टर लावा आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना मशीनची केबल काढलेली असू दे आणि पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. हवेने पंखा गरगर फिरवला तर बेअरिंग जातं आणि पंखा जनित्रासारखी उलटी वीजही बोर्डाकडे पाठवू शकतो. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यातून पाणी येतं.

पंख्याला आणि जोडकामाला आमची सहा महिन्यांची वॉरंटी आहे. बायोसमध्ये ‘फुल स्पीड’ला आकडा किती येतो तेवढा इथेच खाली लिहा. शून्य आला तर फक्त कॅबिनेट घेऊन या. मॉनिटर, केबल, बिल काही नको. सकाळी अकराच्या आत आणलंत तर संध्याकाळी परत मिळेल. रविवारी दुकान बंद असतं.