हजार किलोमीटरचे सोवळे

नवी गाडी घेणे सोपे असते. बँक कर्ज देते, शोरूमवाले पेढे देतात आणि हार घालून फोटोही काढून देतात. खरी परीक्षा पुढच्या हजार किलोमीटरांची, कारण तेवढे अंतर होईपर्यंत गाडी आपली नसून तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेची असते. इंजिन फार फिरवू नका, ॲक्सिलरेटर एकदम दाबू नका, वरच्या गिअरमध्ये गाडीला रडवू नका, इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण ‘बराच वेळ एकाच वेगाने चालवू नका’ ही आज्ञा मुंबई-आग्रा महामार्गावर पाळून दाखवावी! मी पन्नास, सत्तर, पुन्हा पंचावन्न असा नाशिकहून ओझरच्या दिशेने निघालो, तेव्हा पिंपळगावच्या बाजाराला चाललेला कांद्याचा पिकअप शेजारी आला आणि आतल्या पोराने काच खाली करून विचारले, “काका, बरं वाटत नाही का?”

आता त्या पोराला पिस्टनच्या रिंगा कशा समजावणार? सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या बारीक तिरप्या रेघांवर त्या रिंगा घासत घासत बसतात, आणि त्या नीट बसण्यासाठी इंजिनवर भार कधी जास्त, कधी कमी असा पडावा लागतो. म्हणूनच चाळिसाच्या वर जाऊच नको म्हणणारे सोसायटीतले काका आणि पहिल्या दिवसापासून ताण म्हणणारा माझा मेहुणा हे दोघेही अर्धेच बरोबर आहेत. भार फारच कमी पडला तर रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन पुढे ऑईल पिऊ लागते. अति ताणले तर नव्या भागांचे घर्षण आणि उष्णता वाढते. काकांच्या पद्मिनी गाडीला त्या काळी मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची, म्हणजे इंजिन नवे आहे, अजून रुळते आहे असे सांगणारी पाटी होती म्हणे, तशी लावावी, असा त्यांचा आग्रह अजून सुटलेला नाही.

द्वारका चौकात तर निराळेच दुःख. तिथे इंजिन चालते, पेट्रोल जळते, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. अखेर मला त्र्यंबक रोड सापडला. थोडा चढ, थोडा उतार, गाव आले की गतिरोधक, अंजनेरीच्या अलीकडे आडवी येणारी गुरे. वेग बदलण्याची सगळी सोय शासन आणि गुरे मिळून करतात. त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटर असल्याने मी वरचेवर जाऊ लागलो आणि सासऱ्यांच्या नजरेत माझी किंमत वाढली. जावई मार्गाला लागले, असे समजून त्यांनी सहकुटुंब वणीच्या गडाचा बेत मांडला. पाच माणसे आणि नांदुरीचा घाट! “सर्व्हिसिंग झाल्यावर जाऊ,” असे मी म्हणताच सौभाग्यवतींनी विचारले, “देवीला तसं कळवू का?”

पहिल्या सर्व्हिसिंगला एकदाचा पोहोचलो. गाडी तपासून देणारा पोऱ्या मला शेजारी बसवून अंबडच्या रस्त्याला लागला आणि त्याने दुसऱ्याच गिअरमध्ये काटा असा चढवला, की मी दाराचे हँडल दोन्ही हातांनी धरले. “साहेब, पिकअप मस्त आहे,” तो म्हणाला, “पण तुम्ही फार दबकत चालवता वाटतं.”