पुढं बी तो तिले असाच वागवीन का?

आज संध्याकाळी जळगावात एका पुस्तकाच्या कार्यक्रमाला गेले होते. घरी आले, भाकरी टाकल्या, जेवणं झाली, ओटा आवरला, तरी डोक्यातलं जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल. ज्यांना वेळ नसेल त्यांनी सकाळी वाचा.

पाहुणे मोठे अभ्यासक. नाव लिहीत नाही. भाषणाच्या मध्यावर त्यांनी एक जुनी प्रेमकादंबरी बाहेर काढली आणि तिच्यातला उतारा नाटकी आवाज लावून वाचला. चांदणं, मोगरा, नायकाचा उसासा, नायिकेचे थरथरणारे ओठ. सभागृह खदखदून हसलं. मग म्हणाले, असल्या पुस्तकांनी मराठी बायकांच्या दोन पिढ्या झोपवून ठेवल्या, ह्याला वाचन म्हणत नाहीत. टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा हसल्या. त्यांच्यातल्या काहीजणी काय वाचतात ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती पुस्तकं माझ्याच कपाटातून जातात.

पाहुण्यांचं एक वेळ सोडा. त्या बायकांचं हसणं मला लागलं. जे रात्री जागून वाचतो त्याचीच चारचौघांत लाज वाटते, इतकं हे आपल्या अंगात मुरवलं गेलंय.

कॉलेजात असताना 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी पाठ केला होता. एका बाजूला फडके, एका बाजूला खांडेकर. पानंच्या पानं उत्तर लिहायचो. त्या उत्तरात वाचणाऱ्या बाईला कुठं जागाच नव्हती. ती काय बघून पुस्तक पुढं वाचते आणि काय बघून मिटून ठेवते, हे तिला कोणी विचारलंच नाही. मला मात्र ते एका बाईनं शिकवलं होतं, कॉलेजच्या आधीच.

माझं माहेर सावद्याकडचं. बारावीची परीक्षा संपली होती आणि चैत्रात आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काम निघालं होतं. पहाटे घाटा शिजवायचा, खाटेवर ओलं धोतर अंथरायचं आणि ऊन चढायच्या आत थापून मोकळं व्हायचं. आळीतल्या सगळ्या बायका यायच्या. मामीनं मला वाचायला बसवलं. गावच्या वाचनालयातून आणलेली प्रेमकादंबरी, खाकी पुठ्ठ्याची, आतली पानं सुटायला आलेली. नायक मोटारीतून फिरायचा, लांबलचक पत्रं लिहायचा, नायिकेसाठी बागेत झोपाळा बांधून घ्यायचा. पोरी तर पाघळल्याच होत्या. शेजारची जिजी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "पुढं बी तो तिले असाच वागवीन का?"

मी म्हटलं, जिजी, शेवटी लग्न होतं त्यांचं, सुखानं राहतात.

"ते नाही इचारत मी. तो असाच वागवीन असं पुस्तकात कुठं लिह्येल हाये?"

मी मागची पानं उलटून पाहिली. कुठंच नव्हतं. पत्रं होती, झोपाळा होता, चांदणं तर दर दोन पानांनी होतं. पण हा माणूस दमल्यावर कसा बोलतो, त्याच्या मनाविरुद्ध झालं तर काय करतो, हाताखालच्या माणसाशी कसा वागतो, ह्यातलं काहीच नव्हतं. जिजीला अक्षरओळख नव्हती. आणि तिनं त्या कादंबरीचं दुखणं नेमकं पकडलं होतं. बहिणाबाईंच्या मुलुखात राहून, न शिकलेल्या बाईला साहित्य कळत नाही असं म्हणायला जीभ तरी कशी रेटते लोकांची!

तेव्हापासून मी कुठलीही प्रेमकादंबरी ह्याच एका प्रश्नावर तोलते. लग्न होणार हे वाचणाऱ्याला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं, त्यासाठी कोणी वाचत नाही. लग्नानंतरच्या कुठल्यातरी साध्या मंगळवारी, पाणी आलेलं नसताना, पोराला ताप असताना, हा माणूस हिच्याशी कसा बोलेल, त्याची खात्री वाचणारीला हवी असते. लेखकानं ती खात्री आधीच्या पानांत पेरलेली असली तर शेवट गोड लागतो. नसली तर कितीही सनई वाजवा, पुस्तक मिटल्यावर घशाशी काहीतरी अडकून राहतं.

हे काही आजचं खूळ नाही. नल-दमयंती घ्या. दमयंती झोपलेली असताना नळ तिला रानात टाकून जातो, तिचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन जातो. एवढं झाल्यावर त्यांनी पुन्हा एकत्र यावं असं ऐकणाऱ्याला का वाटावं? कारण दमयंती त्याला सहजासहजी घरात घेत नाही. दुसऱ्या स्वयंवराचा निरोप पाठवून त्याला बोलावते, दासीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगते, त्याच्या हातचं अन्न मागवून चाखते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते आणि तो रडतो का ते बघायला लावते. पुरावे गोळा करते ती. मग मान्य करते. आणि खांडेकरांच्या ज्या कादंबरीवर १९७४ चं ज्ञानपीठ आलं ती १९५९ ची 'ययाति', ती तरी कशावर उभी आहे? देवयानीला विहिरीतून हात धरून वर काढणारा राजा. इथवर कोणालाही तो आवडेल. आणि पुढं? पुढं तो तिला कसा वागवतो, शर्मिष्ठेला कसा वागवतो, त्याचीच तर सगळी कादंबरी आहे. जिजीचाच प्रश्न आहे तो.

हसणाऱ्यांना मला हे विचारायचं आहे की मुलीचं लग्न जमत नसलं की आपल्याच घरांत एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण बसवतात ना? त्यात काय आहे? एक मुलगी, घरच्यांनी ठरवलेला नवरा नको म्हणणारी, आवडलेल्या माणसाला स्वतः पत्र पाठवणारी. ते पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून वाचतो. तीच गोष्ट खाकी पुठ्ठ्यात आली की लगेच थिल्लर? आणि ह्याच जळगावात १९३६ साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष माधव जूलियन होते. प्रेमकविता लिहिणाऱ्या माणसाला ह्याच गावानं संमेलनाच्या खुर्चीत बसवलं होतं. आज त्याच गावात प्रेमाचा उतारा वाचून हशा पिकवतात. वाईट वाटतं हो.

हां, प्रेमकादंबऱ्या पुष्कळशा एकाच साच्यातल्या असतात. मान्य. आज वाचलेल्या उताऱ्याची भाषा फुगवलेली होती, तेही मान्य. पण रहस्यकथेत शेवटी खुनी सापडतोच, म्हणून रहस्यकथा वाचणाऱ्या पुरुषांना कोणी हसलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचा राग. तो जास्त मोठा आहे, कारण तो आपल्या माणसांवरचा आहे. हल्ली मोबाईलवर भाग भाग करून येणाऱ्या ज्या प्रेमकथा माझ्या विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत वाचतात, त्या मी मुद्दाम वाचल्या. काही चांगल्या आहेत, नाही असं नाही. पण खडूस बॉस, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, करोडोंची कंपनी, आणि तो तिचं मनगट पकडून ओढत नेतो. भिंतीशी उभी करतो. सगळ्यांसमोर पाणउतारा करतो. आणि वाचणाऱ्या मुलीनं समजायचं की ह्याचं प्रेम आहे, फक्त दाखवता येत नाही बिचाऱ्याला. पुढं एक दिवस ती आजारी पडते, तो रात्रभर जागतो, झालं, सगळं माफ. एका रात्रीच्या जागरणात एवढं सगळं फिटतं का? सोळा-सतरा वर्षांच्या मुली आहेत ह्या. मनगटावरचे वळ म्हणजे प्रेम असं लिहिणाऱ्यांना मी माफ करणार नाही, लिहिणारी बाई असली तरी नाही. बाई असली तर मुळीच नाही.

आणि ते गैरसमज! तिनं त्याला दुसरीबरोबर हॉटेलात पाहिलं, ती दुसरी त्याची बहीण निघाली, पण हे कळायला शंभर भाग. एक फोन केला असता तर मिटलं असतं. एका फोननं मिटणारी अडचण वाचणारीला फसवते, आणि तिला ते कळतं. ती चिडते, पुस्तक ठेवते, आणि मग 'मला नाही असलं आवडत' म्हणत फिरते. तिला प्रेमकथा आवडतेच. कच्ची अडचण आवडत नाही.

त्याच उन्हाळ्यात धाब्यावर दुसरी एक कादंबरी वाचली होती. त्यात नायिकेचे वडील दवाखान्यात असतात, ती रात्री तिथंच थांबलेली. नायक निरोप द्यायला तिच्या घरी जातो तर तिचा धाकटा भाऊ उपाशी बसलेला. हा काही न बोलता खिचडी टाकतो, त्याला वाढतो, स्वतः खातो, भांडी घासून पालथी घालतो आणि निघून जातो. नायिकेला सांगत नाही. तिला ते पुढं भावाकडून कळतं. मी पान उलटलं तशी जिजी म्हणाली, "हा चालीन."

सगळ्या बायका हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. पसंतीचं होतं.

इंग्रजीत हेच जेन ऑस्टिननं १८१३ साली करून ठेवलं होतं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मी फार उशिरा वाचली. एलिझाबेथ त्या गर्विष्ठ डार्सीला तोंडावर नकार देते. मग त्याच्या गैरहजेरीत त्याचा वाडा बघायला जाते, तेव्हा घर सांभाळणारी म्हातारी सांगते की ह्याला मी चार वर्षांचा असल्यापासून ओळखते, मला कधी वावगा शब्द बोललेला नाही. पुढं तो तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वाचवायला स्वतःचे पैसे घालतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून बघतो. दोनशे वर्षं ती कादंबरी बायकांनी टिकवून ठेवली आहे. डार्सीचा वाडा मोठा होता म्हणून टिकली नाही. घर सांभाळणाऱ्या बाईनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली म्हणून टिकली, असं माझं मत आहे. सावद्याच्या धाब्यावर वाचून दाखवली असती तर जिजीनं तिथंच पास केली असती.

हे लिहिताना मघाचा राग जरा खाली बसलाय. जिजीबद्दल अजून थोडं सांगते. तिच्या लग्नात नवऱ्यानं जळगावहून शालू आणला होता, त्या काळात त्याची गावभर चर्चा झाली होती. म्हाताऱ्या बायका आम्हाला सांगायच्या, काय थाट होता म्हणून. पुढचं मी इथं लिहीत नाही. आळीला माहीत होतं, भिंती काही जाड नव्हत्या. पत्रं आणि झोपाळा ऐकून जिजीचे हात का थांबले, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. माझं लग्न झाल्यावर कळलं. माझ्या नशिबानं माझ्या घरी तसं काही नाही, पण माझ्या मैत्रिणींत किती जणींच्या घरी शालूनंतर काय झालं, ते तुम्हीही जाणता. अशी बाई प्रेमकादंबरी हातात घेते तेव्हा ती स्वप्नात रमायला बसते असं म्हणणं फार सोपं आहे. मला तर वाटतं ती तपासायला बसते. असा माणूस असू शकतो का, आणि असला तर तो कशावरून ओळखायचा.

'आयुष्यात असं नसतं' हे ठरलेलं वाक्य आता कमेंटमध्ये येईलच. नसतं, बरोबर. म्हणून तर वाचायचं.

माझी तक्रार आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांबद्दलही आहे. तुम्ही दुष्काळावर लिहिता, राजकारणावर लिहिता, चांगलं लिहिता. पण प्रेमकथा लिहायची म्हटलं की तुमचा नायक लगेच पुण्याच्या फ्लॅटमध्ये कसा राहायला जातो? आपल्याकडे खऱ्या अडचणी कमी आहेत का? जात आहेच, तिच्यावर किती लिहावं तितकं थोडंच. आणि आता ही नवीन, शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे बाग आहेत, ठिबक आहे, पक्कं घर आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, पस्तिशीला आलाय आणि सोयरिकीचं नाव नाही, कारण सगळ्यांना पगारी जावई पाहिजे. ह्याच्यावर प्रेमकादंबरी का नाही? मुलगी भुसावळला नोकरीला, रोज पॅसेंजरनं जाणारी-येणारी. तिला हा आवडलाय. घरचे 'शेतकरी नको' म्हणतात, आणि ते चुकीचेही नाहीत, कारण त्यांनी आयुष्यभर शेतीच केली आहे. ही अडचण एका फोननं मिटत नाही. दोघांना तिच्यातून वाट काढावी लागेल, आणि वाचणारीला शेवटपर्यंत धाकधूक राहील.

त्यात झोपाळा नसला तरी चालेल. चांदणं थोडं असू द्या, मला आवडतं. पण एक पान मात्र पाहिजेच. मे-जूनमधलं वादळ येऊन गेलंय, कापणीला आलेला बाग रात्रीत आडवा झालाय. हा पहाटे शेतातून घरी येतो, चिखलानं भरलेला. ती दारात उभी आहे. तेव्हा तो तिच्याशी काय बोलतो, ते एक पान.

कोणी लिहिलं असेल तर खाली नाव सांगा. उसनं मागणार नाही, विकत घेईन, आणि दोन प्रती घेईन, कारण एक कपाटातून जाणारच आहे.