‘मोबाईल उघडतो, मग पिस्तूल का नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार न्यू जर्सीकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुमचा एक मुद्दा पटला, म्हणून हे उत्तर लांबतंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मालकाने धरलं तरच चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पिस्तुलांवर, म्हणजे ‘स्मार्ट गन’वर, माझा भरवसा नाही असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. यांचं म्हणणं, मी बंदूकवाल्यांच्या लॉबीची भाषा बोलतोय. मोबाईल बोटाने क्षणात उघडतो तर पिस्तूल का नाही. आणि घरातलं पिस्तूल पोरांच्या हाती लागून अमेरिकेत जीव जात असताना पुण्यात बसून मतं देणं सोपं असतं.

आधी माझी चूक. तुमच्या राज्याचा २००२ चा कायदा अजून लागू असल्यासारखं मी लिहिलं होतं. त्यातली सक्ती २०१९ मध्ये काढली, हे तुमचं बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे. पण तो कायदा काय होता बघा: अमेरिकेत कुठेही असं एक पिस्तूल विक्रीला आलं की तीन वर्षांनी न्यू जर्सीच्या दुकानांत साधं पिस्तूल विकायला बंदी. झालं उलटंच. २०१४ मध्ये मेरिलँडमधल्या एका दुकानदाराने आर्मॅटिक्स या जर्मन कंपनीचं ‘आयपी १’ विकायचं ठरवलं, तर ते विकलं गेलं की न्यू जर्सीतली बंदी लागू होईल या भीतीने त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. असल्या धमक्या देणाऱ्यांच्या पंगतीला मला बसवू नका. पण त्या कायद्यातून पोलिसांना सूट होती, हेही विसरू नका. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात सँडिया या अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने या कल्पनेचा अभ्यास केला तो पोलिसांसाठीच, झटापटीत त्यांचंच पिस्तूल हिसकावून त्यांच्यावर चालवलं जाऊ नये म्हणून. ज्यांच्यासाठी हे सुरू झालं, त्यांच्यावरच सक्ती नाही! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

आता मोबाईल. मी अकरा वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हजेरीची बोटाची मशिनं बसवली आणि दुरुस्त केली. सकाळी सातच्या पाळीला गेटवर रांग. पहिला माणूस बोट ठेवतो, मशीन नाही म्हणतं. तो बोट पँटला पुसतो, फुंकर मारतो, परत ठेवतो. वेल्डरची, कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींची बोटं झिजून गुळगुळीत झालेली असतात, आणि पावसाळ्यात तर सगळ्यांचीच ओली. मागून शिव्या सुरू होतात, सुपरवायझरचा फोन येतो. मग आम्ही सेटिंगमध्ये जाऊन मशीनची कसोटी थोडी सैल करायचो. रांग पटापट सरकायची. आणि महिनाअखेरीला कळायचं, एकाच्या बोटावर दुसऱ्याचीच हजेरी लागलीये.

सगळी गोम इथे आहे. मालकाला नाकारणं आणि परक्याला आत घेणं, यातली एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. हजेरीत फार तर अर्ध्या दिवसाच्या पगाराचा घोळ होतो. मोबाईलने ओळखलं नाही तर तुम्ही पिन टाकता. रात्री दोन वाजता कुणी दारावर लाथा घालत असेल तर पिन कधी टाकणार? बॅटरीचंही तेच. लाईट गेली तर एटीएम बंद राहावं आणि आगीतून सुटायचं दार उघडावं, हे आधीच ठरवता येतं. पण बॅटरी संपल्यावर पिस्तूल उघडं राहिलं तर पोराच्या हातीही उघडं. बंद राहिलं तर मालकाच्या हाती नुसता लोखंडाचा तुकडा.

आणि ‘हे सगळं काल्पनिक आहे’ म्हणालात, तर त्याच आयपी १ ची गोष्ट ऐका. .२२ कॅलिबरचं पिस्तूल, सोबत मनगटावर बांधायचं घड्याळ. दोन्ही मिळून सुमारे १,८०० डॉलर. घड्याळ २५ सेंटीमीटरच्या आत असेल तरच गोळी सुटायची. २०१७ मध्ये प्लोअर या टोपणनावाच्या हॅकरने तीन गोष्टी दाखवल्या. घड्याळाचा सिग्नल मध्येच उचलून तो तीन-साडेतीन मीटरपर्यंत ताणला. त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट सोडला, तर घड्याळ मनगटावर असूनही पिस्तूल ढिम्म. तिसरी गोष्ट ऐकून मी खुर्चीतून उठलोच: सुमारे १५ डॉलरची लोहचुंबकं पिस्तुलाच्या बाजूला धरली आणि चाप ओढला. गोळी सुटली, घड्याळ नसताना! फायरिंग पिन अडवणारा तुकडा आतला विद्युतचुंबक सरकवतो ना, मग बाहेरचंही चुंबक सरकवतंच.

तरी तुमचा पोरांचा मुद्दा मला मान्य आहे. ड्रॉवर उघडणारं चार वर्षांचं पोर चुंबकं घेऊन येत नाही. त्याच्यासाठी अर्धवट कुलूपही कुलूपच. माझी शंका मालकाच्या बाजूने आहे, हे मागच्या लेखात मी नीट मांडलं नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडोच्या बायोफायर या कंपनीने १,४९९ डॉलरचं ९ मिमी पिस्तूल जाहीर केलं. ते बोट किंवा चेहरा, दोन्हींपैकी काहीही ओळखलं तरी चालतं. बोट ओलं असेल तर चेहरा, अंधार असेल तर इन्फ्रारेड. हे डोकं लावलेलं काम आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. पण मुठीवर हातमोजा आणि तोंडाला मफलर असेल तर?

तुमच्या शेजाऱ्याने असं एक घेतलंय म्हणालात. मग एक काम करा. जानेवारीत अंगणातला बर्फ उपसून तो आत आला, की त्याच गारठलेल्या ओल्या हातांनी पिस्तूल धरायला सांगा. पन्नास वेळा. पहिल्या फटक्यात किती वेळा ओळखतं ते वहीत लिहून मला कळवा. आकडा जसा येईल तसा इथे छापतो. काडतुसं आधी काढायला सांगा, म्हणजे झालं.