वॉटसन हॉटेल म्हणजे नुसती टाटांच्या अपमानाची गोष्ट नव्हे

परवा परत फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आला. जमशेटजी टाटा मुंबईतल्या वॉटसन हॉटेलात गेले, दारातच अडवलं, फक्त गोऱ्यांसाठी आहे म्हणून, मग त्यांनी ठरवलं की याच्या नाकावर टिच्चून हॉटेल बांधीन आणि ताज उभं राहिलं. खाली पंधरा हात जोडलेले आणि झेंडे. एरवी मी गप्प बसतो, या वेळी नाही बसवलं. पोस्ट लांबलीये, आधीच सांगतो.

एक तर या किश्श्याला त्या काळातला धड पुरावा कोणी दाखवलेला नाही आणि बऱ्याच अभ्यासकांना तो पटतही नाही. गोष्ट गोड आहे म्हणून चालते, बाकी काही नाही. आणि ताजचाच अभिमान असेल तर ज्या सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी त्याचा आराखडा केला त्यांची नावं फॉरवर्डमध्ये टाका ना. वैद्य ताज पूर्ण व्हायच्या आधीच गेले, पुढचं काम चेंबर्स नावाच्या इंग्रजाने केलं, 1903 च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. आपल्या वैद्यांचं नाव किती मराठी घरांत माहीत आहे? असो, विषय ताजचा नाही. विषय हा की या एका किश्श्यात वॉटसनला व्हिलन करून टाकलंय आणि ती इमारत म्हणून काय चीज आहे हे बघायला कोणी मान वर करत नाही.

मी पहिल्यांदा बघितली ती मामामुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मामाचा चाळीतल्या खोलीचा दावा चालू होता आणि त्याच्या वकिलाचं ऑफिस काळा घोड्याला एस्प्लेनेड मॅन्शनमध्ये. हेच ते वॉटसन, पण तेव्हा मला कुठे माहीत. खाली झेरॉक्सवाले, टायपिस्ट, स्टॅम्पपेपर, नोटरी, काळे कोट घातलेली माणसं सेशन्स कोर्टाकडे पळतायत, आणि वर जायला एक लाकडी जिना ज्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठड्याला वायरींचे गुंते, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. वकीलसाहेब कोर्टातून यायचे होते म्हणून आम्ही बाहेर गॅलरीत उभे राहिलो. तिथे एका खांबाला रंगाचे पापुद्रे सुटले होते, हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली चॉकलेटी, एकावर एक, मी नखाने काढत बसलो. मामाने खिशातून रुपयाचं नाणं काढून खांबावर ठोकलं. टण्ण. "बघ, लोखंड आहे. अख्खी बिल्डिंग लोखंडी आहे ही. रेल्वेच्या पुलासारखी." मामा रेल्वेत फिटर होता, त्याला वकिलापेक्षा खांबातच जास्त इंटरेस्ट.

आणि मामा शंभर टक्के बरोबर होता. जॉन वॉटसन हा मुंबईतला कापडाचा व्यापारी. 1860 च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, फोर्टच्या बाहेरची मोकळी जमीन, म्हणजे एस्प्लेनेड, प्लॉट पाडून लिलावात निघाली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढून मुंबईत पैसा नुसता वाहत होता, त्यात याने प्लॉट घेतला. डिझाईन केलं रोलंड मेसन ऑर्डिशने, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तोच हा इंजिनियर. खांब, तुळया सगळं इंग्लंडमध्ये ओतून, घडवून, जहाजात घालून इथे आणलं आणि 1867 ते 69 च्या दरम्यान इथे जोडलं. नटबोल्ट पिळून उभी केलेली पाच मजली बिल्डिंग, बैलगाडीच्या मुंबईत! सगळा भार लोखंडी सांगाड्यावर, विटांच्या भिंती नुसत्या मधे भरलेल्या. आज तुमच्या-माझ्या टॉवरमध्ये खांब आणि तुळयाच भार घेतात आणि भिंत नुसती आडोशाला असते, तेच तत्त्व. बाजूच्या एल्फिन्स्टन कॉलेजने, डेव्हिड ससून लायब्ररीने अंगावर दगडी शेरवानी चढवलीये, आणि ही बया मधोमध बरगड्या दाखवत उभी. काहीच लपवलेलं नाही. मला तर तीच जास्त प्रामाणिक वाटते, पण हे माझं मत, दगडप्रेमींनी भांडू नये.

1871 ला हॉटेल सुरू झालं, 130 खोल्या, मधे काचेच्या छताचं मोठं आवार. 1896 च्या सुरुवातीला मार्क ट्वेन इथे राहून गेला आणि त्याने काय लिहिलं तर खिडकीशी येणाऱ्या कावळ्यांवर लिहिलं, जे अजूनही तिथे आहेत आणि तेवढेच आगाऊ आहेत. त्याच वर्षी 7 जुलैला फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचा माणूस सिनेमाचं मशीन घेऊन आला आणि भारतातला पहिला सिनेमाचा खेळ या हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया. सहा छोट्या फिती, स्टेशनात येणारी गाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान वगैरे, आणि त्यातली एक चक्क पाडकामाची. आता ही बिल्डिंग पाडायची का यावर कोर्टात काथ्याकूट झाला ते आठवलं की हसू येतं, म्हणजे येत नाही खरं तर.

त्या दिवसांतले खेळ बघून भारावलेला एक आपला माणूस म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सावेदादा. फोटोग्राफर माणूस, लंडनहून 21 गिनीला कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. फाळकेंच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे मराठी माणसाने कॅमेरा हातात घेतला त्याची एक मुळी या पत्त्यावर येते, पण फॉरवर्ड कशाचा फिरतो? अपमानाचा.

आता ती सडली कशी ते बघा, कारण इथे माझा खरा मुद्दा आहे. लोक म्हणतात खारी हवा, पाऊस, गंज. अहो खारी हवा ताजलाही आहे, ताज तर समुद्राच्या तोंडावर बसलंय. ताज आल्यावर वॉटसनचा रुबाब उतरला, पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांना पार्टिशनं पडली, भाडेकरू आले, आणि 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या घरटंचाईत गरिबाला रस्त्यावर काढू नये म्हणून केलेला कायदा, हेतू चांगलाच होता आणि माझा मामाही त्याच कायद्यावर टिकून होता हे विसरून चालणार नाही. पण फोर्टातल्या ऑफिसला चाळीचं भाडं, मग मालक कशाला रंग लावेल? आणि भाडेकरूने तरी का लावावा, बिल्डिंग त्याची नाही. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे खांब गंजला. 1999 चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ, पण कशावर चार टक्के? हे असंच फोर्टपासून गिरगावापर्यंत शेकडो इमारतींचं आहे, फक्त त्यांना मार्क ट्वेन भेटला नाही.

2005 च्या जुलैत पश्चिमेकडचा भाग कोसळला, एक माणूस गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2006 च्या जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव घातलं, म्हणजे शंभरात नंबर आला आपला. 2018 मध्ये परत गॅलरीचा तुकडा पडला, त्याच सुमारास ओव्हल मैदानाच्या आसपासच्या परिसराला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा, काय टायमिंग. 2019 ला आयआयटी बॉम्बेच्या अहवालाने सांगितलं पाडा, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या लोकांनी आणि संवर्धनवाल्या इंजिनियरांनी सांगितलं दुरुस्त होते, आणि हायकोर्टात हे चालू असताना त्या पावसाळ्याच्या तोंडावर भाडेकरूंना बाहेर काढलं. वकिलांनाच घर खाली करायची ऑर्डर.

मी इंजिनियर नाही, पण जे नटबोल्टने जोडलंय ते तुकड्या-तुकड्याने सोडवून, गंजलेलं बदलून परत जोडता येतं एवढं फिटरच्या भाच्याला कळतं. आरसीसीचं, म्हणजे सळ्या-काँक्रीटचं असतं तर मी पण म्हटलं असतं पाडा. आणि पाडून तिथे हुबेहूब दर्शनी भाग उभारू असं कोणी म्हणालं तर त्यात अर्थ नाही, कारण या बिल्डिंगला दर्शनी भाग वेगळा नाहीच, सांगाडा हाच चेहरा आहे.

फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हलला जातो तेव्हा बघतो, पोरं सगळी त्या नव्या घोड्याच्या पुतळ्याबरोबर सेल्फी काढतायत, 2017 मध्ये बसवलेला, स्वार नसलेला, कारण ज्याच्यावरून काळा घोडा नाव पडलं तो जुना घोडा वरच्या इंग्रज राजासकट राणीच्या बागेत. वॉटसनकडे सगळ्यांची पाठ.

मामा गेला त्याला नऊ वर्षं झाली. केस जिंकला का विचाराल तर तडजोड झाली. त्या बिल्डिंगमध्ये आम्ही कमीत कमी वीस खेपा घातल्या असतील आणि माझ्याकडे आतला एक फोटो नाही, तेव्हा कोण काढत होतं. तुमच्यापैकी कोणाचं ऑफिस तिथे होतं, कोणी आर्टिकलशिप केलीये, कोणाचे वडील टायपिंगला बसायचे, तर जिन्याचे, गॅलरीचे, त्या खांबांचे असतील तेवढे फोटो पाठवा. ब्लर असले तरी चालतील.