मूत्राशयातला खडा पानफुटीने विरघळत नाही

«प्रोस्टेट वाढून मूत्राशयात खडा झाला तरी ऑपरेशन करू नका. पानफुटी आणि कुळथाचं पाणी 21 दिवस घ्या, खडा विरघळतो. आपल्या शास्त्रात चिरफाड नव्हतीच. ऑपरेशनने पुरुषत्व जातं, लघवीवरचा ताबा सुटतो, ग्रंथी पुन्हा वाढते ती वेगळीच.» अशा आशयाचे मेसेज सतत फिरत असतात. ते वाचून कुणाच्या वडिलांनी ऑपरेशन पुढे ढकलू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी खडा विरघळण्याचं बघू. किडनीतला बारीक खडा बऱ्याचदा आपसूक पडतो आणि श्रेय काढ्याला जातं. मूत्राशयातल्या खड्याचं कारणच वेगळं. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढली की लघवीची वाट चेपते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि क्षारांचे थर बसत जातात. युरिक ॲसिडचे काही खडे डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने विरघळतात, हे खरं. पण त्याने वाट मोकळी होत नाही. लघवी तुंबलेली असताना पाण्याचा मारा करणं तर धोक्याचंच. दाब किडन्यांपर्यंत पोचतो, क्रिएटिनिन (किडन्या नीट काम करत नसल्याची रक्तातली खूण) चढतं, आणि कित्येकदा काही दुखतही नाही.

शास्त्रात चिरफाड नव्हती? सुश्रुतसंहितेत अश्मरीवर, म्हणजे मूतखड्यावर, औषधं सांगितली आहेत, तसंच त्यांनी गुण आला नाही तर शस्त्राने खडा काढायची पद्धतही तपशीलवार दिली आहे. आयुर्वेदाच्या नावाने अर्धंच सांगणं मला फार चुकीचं वाटतं.

आता पुरुषत्व. ऑपरेशनात सहसा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खडा लेसरने फोडतात, चुरा धुऊन काढतात आणि बहुधा त्याच वेळी ग्रंथीचा अडवणारा भाग खरवडतात किंवा लेसरने सोलून काढतात. खडा किंवा ग्रंथी फारच मोठी असेल, तर कधी पोटावर छेद घ्यावा लागतो. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात, त्यामुळे ताठरता बहुतेकांची टिकते. बदलतं ते वेगळंच: वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. असं पुष्कळांना होतं. त्याने अपाय नाही, पण मूल हवं असलेल्याने आधीच विचारावं. डॉक्टरांनीही न विचारता सांगावं. ही गोष्ट संकोचाने दडवली जाते, म्हणून तर अफवेला जोर येतो.

ताबा कायमचा सुटणं क्वचित. दोन-तीन दिवस नळी असते, पिशवीत लघवी गुलाबी दिसते. नळी काढल्यावर काही आठवडे जळजळ आणि घाई होते, मग ओसरते.

ग्रंथी काहींची वर्षांनी पुन्हा वाढते, पण बहुतेकांना दीर्घकाळ आराम मिळतो. मात्र ग्रंथीचं बाहेरचं कवच आतच राहतं, तेव्हा ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पीएसए तपासणी (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी रक्ततपासणी) सोडू नका.