डिकीमा कोन बठस?

गाडी वडिलांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन झालं, रंग झाला, स्टेअरिंगवरच्या गेअरचा दांडाही नीट बसला. राहिली होती डिकी. तिच्यात आतून लावलेला काळा पुठ्ठा चाळीस वर्षांत भिजलेल्या टोस्टसारखा झाला होता. मला तो होता तसा नवा करून हवा होता. तसाच. काळा, साधा, जाड.

आता 'तसाच' हा शब्द कुशनवाल्याला समजावून बघा.

"साहेब, सेव्हन-डी मॅट टाका," मिस्त्री म्हणाले. "बिस्किटाची शिलाई, बदामी रंग. गाडी नवी वाटेल."

"नवी वाटायला नको आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवीन चप्पल घेऊन तिचा अंगठा तोडून मागतोय.

तिकडे अमेरिकेत १९६५ च्या फोर्ड मस्टँगच्या डिकीतली चौकड्यांची चटईसुद्धा आजही नवी छापून मिळते, जुन्याच नमुन्याची. आपल्याकडे पद्मिनी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, आणि डिकीच्या पुठ्ठ्याचा नमुना म्हणजे माझ्या काखेतला चार वर्तमानपत्रं चिकटवून कापलेला कागद. तो कापायला मी दोन रविवार डिकीत डोकं घालून उकिडवा बसलो होतो. स्टेपनीपाशी वळण आहे, चाकाच्या कमानीवर फुगवटा आहे, दोन्ही बाजू सारख्या असतील असं वाटतं आणि त्या नसतात. शेजारच्या काकूंनी घरी विचारलंसुद्धा, "भाऊंना काही सापडत नाहीये का?"

तर दुकानात स्टुलावर एक आप्पा बसले होते. यावलकडचे. ट्रॅक्टरची सीट शिवायला टाकलेली, पायाशी कच्च्या केळीचा एक घड, तळहातावर तंबाखू. माझा कागद मिस्त्रींनी जमिनीवर पसरला तसे आप्पा उठून आले. कागदाभोवती एक फेरी मारली, जमिनीचा नकाशा बघावा तशी.

"हाई काय शे?"

"डिकीचं आतलं अस्तर."

आप्पांनी चुना मळला. बराच वेळ मळला. मग अगदी मनापासून विचारलं, "डिकीमा कोन बठस भाऊ?"

"कोणी नाही बसत."

"मंग हाई गालिचा कोनले?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही, आणि खरं सांगायचं तर तेच मला लागलंय. दुकानातली दोन पोरं हसली. मिस्त्रीही हसले, ज्यांना मी अठ्ठावीसशे रुपये देणार होतो.

"कितलाले पडनं?" मी आकडा सांगितला. "अठ्ठावीसशे! डिकीले! इतल्यामा पोतंभर ढेप ई जास, वर च्या-पानी. आमना ट्रॅक्टरनी सीट सस्ती!"

गुरांच्या ढेपेचा हिशोब आला की खानदेशात वाद संपतो. मी तरी जुना पुठ्ठा दाखवला, मूळ चीज काय असते ते कळावं म्हणून. आप्पांनी त्यावरच्या डागांवर अंगठा घासला. "केळीना चीक शे हाऊ. जनमभर जात नही." बरोबर होतं. वडील रावेरहून येताना डिकीत घड टाकून आणायचे, आणि आई दर खेपेला ओरडायची.

मिस्त्रींनी काम चांगलं केलं, हे मान्य करायला हवं. आधी डिकीचं रबर बदलून घ्या म्हणाले, नाहीतर पहिल्याच पावसात पुठ्ठा परत फुगेल. नुसत्या चिकटवायच्या सोल्युशनवर भरवसा ठेवू नका, मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला गेला की ते मऊ पडतं आणि पुठ्ठा सोलून खाली येतो. म्हणून क्लिपा मारल्या. कडा पटाशीने तासल्या. फक्त वरच्या काठाला न विचारता हिरवी पायपिंग लावली. "आप्पा म्हणाले, थोडं उठून दिसेल."

आप्पा म्हणाले! गाडी माझी, पैसे माझे, आणि सल्लागार ट्रॅक्टरवाला. पायपिंग उसवायला अर्धा तास गेला, तोही माझ्याच खर्चाने.

पुढे वडिलांच्या संस्कारांनी घात केला. आप्पांना स्टँडवर सोडतो म्हणालो. नवी सीट त्यांनी मांडीवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी.

"मागे ठेवा ना."

"नवी शे ना, खराब हुई जाई."

केळीचा घड मात्र, मी गाडीला वळसा घालून जाईपर्यंत, डिकीत गेलेला होता. स्टँडवर उघडून पाहिलं तर दांड्याच्या कापलेल्या टोकाखाली, बरोबर मधोमध, तळहाताएवढा ओला डाग. आप्पांनी तो वाकून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आते कशी वरिजनल दिखस!"

घरी येऊन घासलेट लावलं. डाग गेला नाही, रंग गेला.